खोली नंबर अकरा, फोन पीपी

नव्वदच्या दशकात कुठलाही छापील अर्ज हातात आला की त्यात दूरध्वनी क्रमांकाचा रकाना असायचाच. ज्यांच्या घरी फोन नव्हता, म्हणजे जवळजवळ आम्ही सगळेच, ते तिथं शेजाऱ्याचा नंबर लिहायचे आणि पुढं ‘पीपी’ अशी दोन अक्षरं घालायचे. पीपीचं पूर्ण रूप काय, हे मला बी.कॉम. होईपर्यंत कोणी सांगितलं नाही आणि लाजेपोटी मीही कोणाला विचारलं नाही. अर्थ मात्र सगळ्यांना ठाऊक होता. फोन दुसऱ्याचा, माणूस आमचा, बोलावून देतील.

सातपूरला मी राहायचो त्या चाळीत चौदा खोल्या होत्या आणि फोन एकच. तो घरमालकीण काकूंचा. अर्ज केल्यावर किती वर्षांनी मिळाला हे काकू दर वेळी वेगळं सांगायच्या, पण थट्टेतसुद्धा कधी पाच वर्षांच्या खाली आल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या फळीवर, क्रोशाच्या झाकणाखाली तो काळा फोन असे. डायलला बारकं कुलूप, आणि त्याची किल्ली काकूंच्या पदराच्या गाठीला. बाहेर फोन लावायचा तर नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जायचं. आलेला फोन मात्र कोणाचाही असो, काकू घ्यायच्या.

काकू मूळच्या सटाण्याकडच्या. बोलायच्या आमच्यासारखंच, पण फोन उचलला की त्यांच्या तोंडून ‘हॅलो’ निघायचं नाही. ‘कोन शे?’ असा अहिराणी आवाज जायचा, आणि पलीकडचा माणूस, तो कितीही मोठा साहेब असला तरी, आधी स्वतःची ओळख सांगायचा. मग तीन प्रश्न. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, आणि ज्याला बोलवायचंय त्याचे तुम्ही कोण. उत्तरं पटली तर त्या ओट्यावर येऊन हाक मारायच्या. नाही पटली तर ‘बाहेर गेलाय’ म्हणून ठेवून द्यायच्या.

सहा नंबरच्या खोलीत एक टर्नर राहायचा. त्यानं गुपचूप दुसऱ्या कारखान्यात अर्ज केला होता आणि मुलाखतीच्या दिवशी आजारपणाची रजा टाकली होती. त्याच्या सुपरवायझरनं खात्री करायला फोन केला. काकू म्हणाल्या, “ताप आहे त्याला. नाही, उठवणार नाही. तुम्हाला आई आहे की नाही?” सुपरवायझरनं म्हणे माफी मागितली. विशेष म्हणजे हे त्या टर्नरलासुद्धा काकूंनी सांगितलं नव्हतं. पुढं सुपरवायझरनंच त्याला ‘तुमच्या मातोश्री फार कडक आहेत’ असं म्हटलं, तेव्हा कळलं.

आपण बोलायला गेलो की काकू आत स्वयंपाकघरात जायच्या आणि भांडी घासायला घ्यायच्या. घासलेलीच भांडी पुन्हा. तुमचं आम्ही ऐकत नाही, हे तुम्हाला ऐकू यावं म्हणून तो आवाज. आणि फोन झाल्यावर ओट्यावरच्या बायकांपैकी कोणी विचारलंच की कोणाचा होता हो, तर काकूंचं उत्तर ठरलेलं. राँग नंबर. आमच्या चाळीत लग्नं जमली, नोकऱ्या लागल्या, एकाचा भाऊ सैन्यातून सुखरूप परत आला, ते सगळं राँग नंबरवर.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढं जे झालं ते माझ्या हातून झालं.

आमचं गाव घोटीकडचं. थोडी भातशेती, डोंगराच्या अंगाला. माझ्याआधी आमच्या घरात दहावीपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंगठा करायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर तलाठ्याकडं, सोसायटीत, दवाखान्यात जायचो तेव्हाचं एक दृश्य डोक्यातून जात नाही. अण्णा दाराशी उभे राहायचे आणि ज्याच्या खिशाला पेन दिसेल त्याला म्हणायचे, “साहेब, एवढं भरून द्या की.” तो भला माणूस विचारायचा आणि अण्णा भर लोकांत सांगत सुटायचे. जमीन किती, पोरं किती, गेलेली किती, आईला काय दुखणं आहे. ज्याच्या खिशाला पेन, त्याला आमच्या घरातलं सगळं माहीत. मी तेव्हाच ठरवलं होतं की मोठा झालो की आमच्या घरचा अर्ज परका माणूस भरणार नाही.

तसा मी झालोही. नाशिकला कॉलेज केलं, सातपूरच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो, आणि संध्याकाळी चाळीतल्या सगळ्यांचे अर्ज भरून देऊ लागलो. गॅस, रेशनकार्ड, शाळाप्रवेश. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. अर्जात शिक्षणाचा रकाना आला की तिथं ‘पदवीधर’ लिहिताना माझं अक्षर आपोआप थोडं मोठं व्हायचं. आणि एक नियम मी पाळायचो, रकाना मोकळा सोडायचा नाही. एका मोकळ्या रकान्यापायी अण्णांना तालुक्याच्या कचेरीतून परत पाठवलेलं मी पाहिलं होतं. चाळीत मला नाव पडलं ‘बीकॉम’. काकू ओट्यावरून हाक मारायच्या, “बीकॉम, फोन,” आणि तेरा खोल्यांना ते ऐकू जायचं. मला ते काही वाईट वाटायचं नाही.

ताई आली ती एका दुपारी, एसटीनं, एक पिशवी घेऊन. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला चौथीतून काढलं होतं, मला पुढं शिकवलं. घोटीच्या पलीकडं एका गावात दिली होती. मनगटाला पट्टी होती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. चहा करायला उठली आणि डाव्या हातानं साखर घालायला लागली, तेव्हा मी तिच्या हातातून डबा घेतला.

दोन दिवसांनी अण्णा आले. खाटेच्या कडेला बसून म्हणाले, “ही हितं हाय हे तिकडं कोनाला कळता कामा नाय. त्यो दोन येळा घरी येऊन गेला. दुसऱ्या खेपंला कोयता व्हता हातात. मी म्हनलं, कामाला गेली कुठं, मला नाय ठाव.”

“त्यांना माझा पत्ता माहीत नाही,” मी म्हणालो. दाजींना एवढंच ठाऊक होतं की मेहुणा नाशिकला कुठंतरी असतो.

“तेच म्हनतो. तसंच राहू दे.”

काकूंना मात्र सांगणं भाग होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिला फोन कोणाचा येणार?”

“कोणाचाच नाही.”

“मग बरं. आला तर ओळखता येईल.”

ते सात-आठ महिने आठवले की अजून बरं वाटतं. ताई इलेक्ट्रिकच्या होल्डरच्या पॅकिंगला लागली. सकाळची पाळी, संध्याकाळी शिवणक्लास. रविवारी नळावर बायकांमध्ये बसून ती कपडे धुवायची आणि तिच्या हसण्याचा आवाज वर माझ्या खोलीपर्यंत यायचा. ती हसते कशी हे मी विसरलो होतो, म्हणजे ती लग्नाआधीची आठवण होती आणि तेव्हा मी शाळेत होतो. गावाकडचा तांदूळ आला की ती भात टाकायची आणि अख्ख्या मजल्यावर वास सुटायचा. टर्नर दारातून म्हणायचा, “ताई, आज कारखान्यात लक्ष लागलं नाही, इथूनच वास येत होता.” ती म्हणायची, “मग ताट घेऊन या की, तोंड घेऊन कशाला आलात.”

त्या हिवाळ्यात शहरात एका मैदानावर गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं. एका रविवारी काकू, ताई आणि मी सिटी बसनं गेलो. ताई पापडाच्या यंत्रासमोर उभी राहिली ती हलेना. मी आणि काकू पुढं गेलो तर भांड्यांच्या एका स्टॉलवर एक तरुण गुलाबी कूपनं वाटत होता. “भरा आणि पेटीत टाका. लकी ड्रॉ आहे. एका माणसाला एक.”

मी कूपन हातात घेतलं. काय सुंदर अर्ज होता. संपूर्ण नाव. पतीचे अथवा वडिलांचे नाव. वय. जन्मतारीख. लग्नाचा वाढदिवस. संपूर्ण पत्ता. जवळची खूण. दूरध्वनी. घरातील माणसं. आणि शेवटी, घरातील सर्वाधिक शिक्षण. एका भांड्याच्या दुकानाला माझं शिक्षण विचारावंसं वाटलं, याचंच मला अप्रूप. मी खिशातून पेन काढलं.

काकूंनी कूपन डोळ्यांजवळ नेलं. “लग्नाची तारीख कशाला पाहिजे ह्याला? आहेर करणार आहे का?”

“काकू, तशी पद्धत असते.”

“तुझं तू भर. माझं नको. आणि माझा नंबर लिहिणार असशील तर पुढं पीपी लिही. उगा त्याला वाटायचं फोन तुझा.”

मी माझं भरलं. मग वाटलं, एका माणसाला एक आहे, तर ताईचंही भरू. ती पन्नास पावलांवर उभी होती. हाक मारली असती तर आली असती. मारली नाही. तिचं संपूर्ण नाव लिहिलं, मध्ये पतीचं नाव, पुढं सासरचं आडनाव, कारण कागदोपत्री तेच होतं आणि रकान्यात तेच विचारलं होतं. पत्ता आमचा. खोली नंबर अकरा. जवळची खूण, पाण्याची टाकी. फोन, पीपी. सगळे रकाने भरले आणि घडी करून पेटीत टाकलं.

दहा-बारा दिवसांनी फोन आला. काकूंनी तीन प्रश्न विचारले, पलीकडच्यानं ताईचं पूर्ण नाव वाचून दाखवलं आणि उत्तेजनार्थ बक्षीस लागल्याचं सांगितलं. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. मी कामावरून आलो तेव्हा ताई ओट्यावरच होती.

“माझं नाव निघालं?” तिनं मला विचारलं, जसं काही मीच काढलं होतं.

“निघालं की.”

“चिठ्ठीत माझं नाव व्हतं?”

“मी टाकलं होतं.”

ती एवढी खूश झाली की तिनं शेजारणीला तीनदा सांगितलं. आयुष्यात तिला आपसूक असं काही मिळालं नव्हतं. काकू मात्र माझ्याकडं बघत राहिल्या. “नवऱ्याचं नावही लिहिलं होतंस तू,” त्या हळूच म्हणाल्या. मी म्हणालो, “फॉर्ममध्ये होतं, काकू.” त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

दुसरा फोन त्यानंतर आठवड्यानं आला. मी नव्हतो. काकूंनी मला जिन्यात गाठलं आणि शब्दन्‌शब्द सांगितला.

“म्हणतो, कंपनीतून बोलतोय. बक्षीस घरपोच द्यायचंय, पत्ता पक्का करायचाय. म्हटलं, सांगा तुमच्याकडं काय आहे ते. बरोबर सांगितला. टाकीसुद्धा. म्हटलं, डबा तर दुकानातून न्यायचा ठरलाय. तर म्हणे, योजना बदलली. बरं म्हटलं. मग विचारतो कसा, बाई दिवसा घरी एकट्याच असतात का?” काकू थांबल्या. “डबा द्यायला येणाऱ्याला हे कशाला पाहिजे रे, बीकॉम? म्हटलं, कूपनचा नंबर सांगा. गप्प. मागं एसटीवाला ओरडत होता. मी म्हटलं, इथं ह्या नावाची कोणी राहत नाही, तुम्हाला कोणीतरी चुकीचं लिहून दिलंय. ठेवला.”

“एसटीवाला काय ओरडत होता?” मी विचारलं. “घोटीवाले उतरा,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी घोटीला गेलो. बाजाराच्या रस्त्याला, भाताच्या गिरणीच्या अलीकडं, भांड्यांचं एक दुकान. त्या प्रदर्शनवाल्यांचा माल तिथं विकायला होता आणि दाराशेजारी पिवळ्या कागदावर छापलेली विजेत्यांची यादी चिकटवलेली. खालून चौथ्या ओळीला ताई. नाव, पतीचं नाव, आडनाव, खोली नंबर अकरा, पाण्याच्या टाकीजवळ, सातपूर, आणि काकूंचा नंबर. मी लिहिलं होतं तसंच्या तसं, एकही चूक नाही.

दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, “तुमच्यात कोणाला लागलंय का?”

“बहिणीला.”

“कुठली?” मी बोट ठेवलं. त्याचा चेहरा खुलला. “म्हणजे ते तुमचे दाजी. अहो, त्यांना मीच सांगितलं ना बाजाराच्या दिवशी. म्हटलं, पाव्हणं, पेढे काढा, वहिनींना डबा लागला. त्यांना आधी खरंच वाटेना. वाचता येत नाही ना, मग मीच वाचून दाखवलं. पत्ता म्हणाले लिहून द्या, तर तोही दिला उतरून, फोनसकट. जपून ठेवला त्यांनी खिशात.” आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला, “चांगलं केलं ना?”

“चांगलंच केलं,” मी म्हणालो. त्या भल्या माणसाला आणखी काय सांगणार. यादी काढून द्याल का विचारलं तर त्यानं आनंदानं काढून दिली. वर म्हणाला, “ठेवा आठवण. आणि कमी पडली तर लासलगावलाही आहे, सिन्नरलाही आहे. सगळ्या दुकानांना पाठवलीय.”

परत येताना बसमध्ये मी मनात ताईचं सामान बांधत होतो. लासलगावला मावशी होती, कांद्याच्या मार्केटजवळ. तिथं ठेवायचं, वर्षभर तरी. खोलीवर पोचताच मी ट्रंक खाली ओढली. ताई शिवणाचं कापड पुढ्यात घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली.

“त्या कागदावर काय काय लिहिलं व्हतं, मला वाचून दाखव.”

मी यादी उलगडली. ती म्हणाली, “ह्यो नाय. तू भरला त्यो.”

मला पाठ होता. सांगत गेलो. नाव, पत्ता, खूण.

“वय पन?”

“हो.”

“लग्नाची तारीख?”

“हो.”

“तुला ठाव व्हती?”

“होती.”

“मला नीट नव्हती ठाव.” तिनं कापडाची घडी घातली. “लिहिलं त्याचं काय नाय रे. मी तिथंच व्हते, पापडाच्या मशिनीपाशी. एक हाक मारायची.”

मी ट्रंकेत तिच्या साड्या टाकायला लागलो. तिनं त्या बाहेर काढल्या. “मी मावशीकडं नाय जानार. तिथं कळलं की आनखी कुठं? क्लास संपायला दोन महिने राह्यलेत.”

“ताई, तो कोयता घेऊन फिरतो.”

“मला सांगतो का तू?”

त्या रात्री ट्रंक उघडीच राहिली. सकाळी नळ आला तेव्हा मी जिन्यात दात घासत उभा होतो. खाली नेहमीची गर्दी, कळश्यांचा आवाज. ताईनं आपली बादली नळाखालून बाजूला केली आणि म्हणाली, “मला एक सांगायचं हाय सगळ्यांना.” मी ब्रश तोंडातच धरून थांबलो. तिनं सांगितलं. लग्न कुठं झालं, मनगट कशानं मोडलं, अण्णांच्या दारात काय झालं. नवऱ्याचं नाव घेतलं, जे तिनं माझ्यासमोर कधी घेतलं नव्हतं. “त्यो येनार हाय. मी लपून नाय राहनार आता. तुमाला ठाव असावं म्हनून सांगितलं.”

नळ वाहत होता. कोणीतरी तो बंद केला. मग टर्नरची बायको म्हणाली, “उंचीला कसा आहे?”

“मध्यम. डाव्या भुवईवर वण हाय.”

“मिशी?”

“हाय.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा नळ सोडला. एवढंच. एकीनंही ‘अगंबाई’ केलं नाही.

तिसरा फोन संध्याकाळी आला, मी घरी असताना. काकूंची हाक आली, पण माझ्या नावाची नाही. “ताई, तुला फोन आहे.” मी मागोमाग गेलो. काकूंनी रिसीव्हरवर तळवा दाबून धरला होता. “कंपनीवालाच आहे,” त्या म्हणाल्या. “नाही म्हणून सांगू?”

ताईनं हात पुढं केला. काकूंनी रिसीव्हर दिला आणि तिथंच, तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

“हां, मीच बोलते,” ताई म्हणाली. “आवाज कशाला बदलता, मी ओळखला... पत्ता तुमच्याजवळ हाय ना? मग या. दिवसा या. हितं चौदा घरं हायेत, सगळ्यांना तुमचं नाव ठाव हाय. मीच सांगितलं... नाय, भावानं नाय. मी.” पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “संग चुलत्यांना आना. एकटे येऊ नका,” आणि रिसीव्हर उलटा ठेवला. काकूंनी तो सरळ केला.

ते दोघं रविवारी दुपारी आले, दाजी आणि त्यांचे चुलते. दाजींचा शर्ट इस्त्रीचा होता. ओट्यावर बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि टर्नरनं जिन्याच्या तोंडाशी, येण्याजाण्याच्या वाटेतच सायकल उलटी करून ठेवली होती. चाक फिरवायचा, थांबवायचा, पुन्हा फिरवायचा. सायकलीला काही झालेलं नव्हतं.

चुलते बरे होते बोलायला. झालं गेलं म्हणाले, माणूस चुकतो म्हणाले. ताई काकूंच्या उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणत राहिली, “मी येनार नाय.” तेव्हा दाजींनी खिशातून कागद काढला. दुकानदाराच्या अक्षरातला. तो त्यांनी माझ्यासमोर धरला.

“हे तूच लिहिलं व्हतं ना? हितं माझं नाव हाय का नाय? नवरा म्हनूनच लिहिलं ना?”

मी पदवीधर माणूस, पण नुसता कागद वाचत राहिलो. कारण लिहिलं मीच होतं.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. “ह्यानं लिहिलं. तिची सही कुठंय? दाखव.” दाजींनी कागद उलटसुलट केला, जणू पाठीमागं असेल. “नाही ना? मग ते त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं ती सांगतेय उंबऱ्यात उभी राहून, ते ऐक.”

चुलत्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि दाजींच्या दंडाला धरून म्हणाले, “चल.” सायकल थोडी बाजूला झाली. दाजी पुन्हा आलेच नाहीत असं नाही. एकदा आले होते, फाटकापर्यंत. ओट्यावरच्या बायकांनी वर पाहिलं आणि ते तिथूनच गेले. काडीमोडाचे कागद व्हायला पुढं दोन वर्षं लागली.

दोन हजार साल उजाडलं तसे घरोघरी फोन आले आणि पाठोपाठ मोबाइल. पीपी लिहायची गरजच संपली. सिमकार्डासाठी मी स्वतः रांगेत उभा राहून रेशनकार्डाच्या झेरॉक्स दिल्या, फोटो दिले, आणि महिन्याभरात अनोळखी मुली मला पूर्ण नावानं हाक मारून कर्ज हवंय का विचारायला लागल्या. नाव कुठून मिळालं विचारलं की म्हणायच्या, आमच्याकडं आहे सर. त्यांचा काही दोष नाही, त्या दुकानदारासारख्याच त्याही कोणीतरी दिलेलं वाचत होत्या. अशा वेळी मला काकू फार आठवायच्या. चौदा घरांचं जेवढं त्यांना माहीत होतं तेवढं आजच्या कुठल्या कंपनीला माहीत नसेल. पण त्यांच्याकडून काही काढून घ्यायचं तर त्यांच्याशी तोंडानं बोलावं लागायचं, आणि त्या समोरच्याचा आवाज ऐकायच्या. पुढं चाळ पाडली, काकू मुलाकडं राहायला गेल्या, तो काळा फोन कुठं गेला मला माहीत नाही. ताईनं सातपूरलाच शिवणकामाचं दुकान टाकलं. तिच्या मोबाइलचा नंबर आम्ही घरची माणसंही तिला विचारल्याशिवाय कोणाला देत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. पाव्हणे गेल्यावर चाळ हळूहळू आपापल्या कामाला लागली. ताई वर आली, तोंड धुतलं आणि म्हणाली, “कागद घे. त्या प्रदर्शनवाल्यांना अर्ज कर. सगळ्या दुकानांवरून माझं नाव काढा म्हनावं.”

मी कोरा कागद घेतला. ‘प्रति, व्यवस्थापक’ लिहिलं. विषय लिहिला. मग सवयीनं माझा हात पुढच्या ओळीला गेला आणि ‘मी, खाली सही करणार’ एवढं लिहून थांबला. मागच्या वेळी इथूनच मी धावत सुटलो होतो.

“नाव कसं लिहू?” मी विचारलं.

ती खिडकीत जाऊन उभी राहिली. खाली कोणीतरी सुपात तांदूळ पाखडत होतं. मी घाई केली नाही, पेनाला टोपण लावलं.

“आत्ता नुसतं माझं लिही,” ती म्हणाली. “पुढचं काय लावायचं ते मी इचार करून सांगते.”